इन्व्हर्टर रुसला, पण दुखणे वेगळेच!

मध्यरात्र उलटून गेली होती. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात जाळे टाकून एक मच्छीमार नौका थांबली होती. केबिनमध्ये चार मोबाइल चार्जिंगला लावलेले, छोटा टीव्ही सुरू, डेकवर दोन एलईडी दिवे. डोलकाठीवरचा दिवाही त्याच वायरीवर. मासळी निवडायला उजेड अपुरा पडतो म्हणून एका खलाशाने मोठा फ्लडलाइट लावला आणि इन्व्हर्टर ‘टीं टीं’ ओरडून बंद पडला. सगळी नौका अंधारात बुडाली. जवळूनच मालवाहू जहाजांची वाट जात होती. त्यांच्यावरच्या पहारेकऱ्याला काळोखातली ही नौका दिसणार कशी? तांडेलाने हातात विजेरी धरून उरलेली रात्र जागून काढली.

बंदरात परतल्यावर नाखव्याने इन्व्हर्टर बदलला. नवा आठ-दहा दिवस नीट चालला आणि मग तोही तसाच ओरडून बंद पडू लागला. तेव्हा जेट्टीवरच्या एका तरुण वायरमनला बोलावले. त्याने इन्व्हर्टर उघडलाच नाही. सगळे दिवे लावायला सांगून तो बॅटरीपाशी बसला आणि जाड वायरीच्या कडेने हात नेत गेला. एका जोडापाशी त्याचा हात चटकन मागे आला.

“काका, मशीन चांगली आहे. हा जोड बघा, भाजतोय,” तो तांडेलाला म्हणाला.

चिकटपट्टी उलगडली तर आतल्या तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडलेल्या, निम्म्याअधिक तुटलेल्या. नवी वायर, नवे थिंबल आणि अर्ध्या तासाचे काम. आधीचा इन्व्हर्टर पुन्हा जोडून पाहिला, तर तोही व्यवस्थित चालला. नव्या इन्व्हर्टरचे पैसे मात्र फुकट गेले होते.

नौकेवरचा इन्व्हर्टर बंद पडला की पहिला संशय त्याच्यावरच जातो. ओरडतो तो, बंद पडतो तो, म्हणून बिघडलाही तोच असणार, असे वाटते. पण ताप हा जसा रोग नव्हे, रोगाचे लक्षण असते, तसेच या ओरडण्याचेही आहे. अनेकदा दुखणे बॅटरीत, फ्यूजमध्ये किंवा वायरीच्या एखाद्या जोडात दडलेले असते. ते शोधायची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण समुद्रावर हा प्रश्न जिवाशी येतो. आणि चुकीच्या पद्धतीने केलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षाही घातक ठरू शकते.

बारा व्होल्टचे गणित

इन्व्हर्टरचे काम बॅटरीतल्या १२ किंवा २४ व्होल्टच्या डीसी विजेपासून घरातल्यासारखी २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची एसी वीज तयार करण्याचे. आतले मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच अतिशय वेगाने चालू-बंद होत राहतात आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट वाढवतो. पण व्होल्ट वाढवायचे तर त्याची किंमत अँपिअरमध्ये मोजावी लागते.

आपल्या नौकेवरचे सगळे दिवे, टीव्ही आणि मोबाइल मिळून ४०० वॅट होतात असे धरू. घरात २३० व्होल्टवर एवढ्यासाठी पावणेदोन अँपिअरसुद्धा करंट लागत नाही. तेच ४०० वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे तर ३३ अँपिअर लागतात. इन्व्हर्टरच्या आत वाया जाणारी वीज धरली तर सुमारे ३८. म्हणून बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर बोटाएवढी जाड आणि शक्य तितकी आखूड हवी. घरातल्या प्लगची वायर तिथे चालत नाही.

आता त्या वाटेवर एक खराब जोड आला असे समजा. त्याचा रोध फक्त ०.०४ ओहम, म्हणजे ओहमच्या शंभराव्या भागाच्या चौपट. साध्या मल्टिमीटरला तो नीट मोजताही येत नाही. पण ३८ अँपिअर त्यातून जाऊ लागले की त्या एका जोडावर दीड व्होल्ट पडतात. बॅटरी १२ व्होल्ट देत असली तरी इन्व्हर्टरपर्यंत पोहोचतात साडेदहा. बहुतेक १२ व्होल्टचे इन्व्हर्टर बॅटरी वाचवण्यासाठी नेमके याच आकड्याच्या आसपास स्वतःला बंद करून घेतात. म्हणजे तो बिघडलेला नव्हताच. त्याला दिलेले काम तो चोख करत होता.

हरवलेले दीड व्होल्ट जातात कुठे? त्यांची उष्णता होते. हिशोब केला तर त्या एका जोडात सुमारे ५८ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगचा लहान आयर्न २५ वॅटचा असतो. म्हणजे असे दोन तापलेले आयर्न लाकडी किंवा फायबरच्या नौकेत, डिझेलच्या टाकीशेजारी, चिकटपट्टीत गुंडाळून ठेवल्यासारखेच झाले. शिवाय व्होल्ट जितके पडतील तितका जास्त करंट इन्व्हर्टर ओढतो, त्यामुळे जोड आणखी तापतो आणि आणखी खराब होतो. नौकेवरच्या आगीची सुरुवात अशी एखाद्या न दिसणाऱ्या जोडापासून होऊ शकते.

विश्रांतीतला ईसीजी

“पण मी तर मीटर लावून बघितलं, १२.६ दाखवतोय!” असे नाखवा म्हणतो आणि ते खरेही असते. गोम इथेच आहे.

हृदयाच्या काही रुग्णांचा झोपून काढलेला ईसीजी अगदी सामान्य येतो, पण ट्रेडमिलवर चालायला लावले की दोष दिसतो. बॅटरी आणि वायरीचेही तसेच आहे. करंट वाहत नसेल तेव्हा वायरीच्या निम्म्या तारा तुटल्या असल्या तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. मीटरला स्वतःला चालायला करंट जवळपास लागतच नाही, मग खराब जोडावर व्होल्ट पडणार कसे? म्हणून वीज चालू, दिवे चालू, भार पूर्ण, अशा स्थितीत मोजायचे. भार न टाकता घेतलेला आकडा फसवा असतो.

शोध असा घ्यावा

पहिली पायरी मीटरची नाही, डोळ्या-नाकाची. इन्व्हर्टरवर कोणता दिवा लागला आहे, कोणता आवाज येतो आहे ते पाहा. कमी बॅटरी, जास्त भार आणि जास्त तापमान यांचे इशारे सहसा वेगवेगळे असतात आणि सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असतात. जळकट वास, वितळलेले प्लॅस्टिक, फुगलेली बॅटरी, टर्मिनलवर साचलेली पांढरी-निळसर पूड हे सगळे बोलके पुरावे आहेत.

दुसरी पायरी, सगळी उपकरणे काढून इन्व्हर्टर मोकळा चालवून पाहणे. मोकळा नीट चालला तर एकेक उपकरण जोडत जा. एखादे ठरावीक उपकरण जोडताच तो बंद पडत असेल, तर दोष त्या उपकरणात किंवा त्याच्या सुरुवातीच्या ओढीत आहे. पंप, फ्रिज, ग्राइंडर अशा मोटरच्या वस्तू सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट मागतात. ५०० वॅटच्या इन्व्हर्टरवर ३०० वॅटचा पंप म्हणूनच सुरू होत नाही.

तिसरी पायरी बॅटरीची. इंजिन बंद करून, काही तास विसावलेल्या शिसे-आम्लाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली. १२.२ च्या आसपास अर्धी, ११.९ च्या खाली जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. तो वाढतच नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासा, कारण बॅटरीला कोणी भरतच नाही. आकडा विसावलेला असताना चांगला, पण भार टाकताच काही सेकंदांत धाडकन खाली, तर बॅटरी म्हातारी झाली आहे. २४ व्होल्टच्या व्यवस्थेत हे सगळे आकडे दुप्पट समजावेत. तिथे दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणून प्रत्येक वेगळी मोजावी. एक खराब झाली की दुसरीलाही ती ओढून नेते.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी. भार चालू ठेवून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्ट मोजा. लगेच इन्व्हर्टरच्या मागच्या डीसी टर्मिनलवर मोजा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे वाटेतली गळती. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत ती पाव-अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवी. जास्त असेल तर चोर पकडायचा. मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर ठेवा आणि दुसरी वायरीच्या वाटेने पुढे सरकवत न्या. आधी थिंबल, मग फ्यूजची एक बाजू, मग दुसरी, मग स्विच, शेवटी इन्व्हर्टर. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतो, तिथे दोष. निगेटिव्ह वायरीवरही हेच करायचे. ती बाजू तपासायची अनेकजण विसरतात आणि दोष नेमका तिथेच असतो.

आपल्या गोष्टीतला नवा इन्व्हर्टर आठ-दहा दिवस का चालला, तेही यातून कळते. जोडणी करताना वायर हलली, उरलेल्या तारा पुन्हा एकमेकींना टेकल्या आणि जोड तात्पुरता सुधारला. इंजिनाच्या हादऱ्यांनी तो पुन्हा सुटला.

पाचवी पायरी फ्यूजची. फ्यूज उडाला असेल तर त्याच क्षमतेचा नवा घाला. तांब्याची तार गुंडाळून ‘काम भागवणे’ म्हणजे नौकेवरचा शेवटचा पहारेकरी काढून टाकणे. नवा फ्यूजही जोडताक्षणी उडाला, तर इन्व्हर्टरच्या आतले मॉस्फेट शॉर्ट झाल्याची दाट शक्यता आहे. तिथे आपला शोध थांबवायचा.

एक इशारा मीटरबद्दलही. स्वस्तातल्या अनेक इन्व्हर्टरमधून निघणारी वीज गुळगुळीत लाटेची नसते, पायऱ्या-पायऱ्यांची असते. साधा मल्टिमीटर ती चुकीची मोजतो. प्रत्यक्षात २३० व्होल्ट असताना तो १८० च्या आसपास दाखवू शकतो. त्यावरून इन्व्हर्टर बाद ठरवू नये. अशा विजेसाठी ‘ट्रू आरएमएस’ प्रकारचा मीटर लागतो.

खरेच आत बिघाड असेल तर

कधीकधी दोषी इन्व्हर्टरच असतो. पंख्यात डिझेलची काजळी आणि मिठाचा थर बसून तो तापतो. आतल्या बोर्डावर खारी हवा ओलावा धरते आणि बारीक तांबे खाऊन टाकते. बॅटरी उलटी जोडली गेली तर क्षणात आतले फ्यूज किंवा मॉस्फेट जातात. जेट्टीवरची किंवा जनरेटरची वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकाच वायरीवर एकत्र आली तरी तो जळतो. हे टाळण्यासाठी मध्ये चेंजओव्हर स्विच लागतो, म्हणजे एका वेळी एकच वाट खुली राहते.

पंखा साफ करणे, जाळीवरची धूळ काढणे, बाहेरचे स्क्रू घट्ट करणे इथपर्यंत आपले काम. झाकण उघडायचे ते जाणकारानेच. इन्व्हर्टर बंद केला, बॅटरी सोडवली, तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. अनेक इन्व्हर्टरच्या आत मधल्या टप्प्यावर ३०० व्होल्टहून अधिक डीसी असतो. बंद पेटीत हात घातला आणि झटका बसला, असे घडते ते यामुळे.

चांगला कारागीर कसा ओळखावा? जळालेला एकच मॉस्फेट बदलून तो यंत्र लगेच थेट बॅटरीला जोडत नाही. सोबतचे मॉस्फेट आणि त्यांना चालवणारा भागही तपासतो. मग बॅटरीच्या वायरीत गाडीच्या हेडलाइटचा बल्ब मध्ये घालून यंत्र सुरू करतो. आत अजून शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि नवे भाग वाचतात.

दुरुस्तीत जीव सांभाळा

‘इन्व्हर्टरचा करंट हलका असतो’ हा गैरसमज जीवघेणा आहे. बाहेर पडणारी वीज २३० व्होल्टचीच असते. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या त्वचेचा रोध खूप कमी होतो. ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास आला, तर २३० व्होल्टमुळे शरीरातून दोनशेहून अधिक मिलिअँपिअर जाऊ शकतात. हृदयाची लय बिघडायला याहून कितीतरी कमी पुरतात. म्हणूनच संरक्षणासाठी लावायचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतो. मात्र इन्व्हर्टरची न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी योग्य नसेल, तर आरसीसीबी बसवूनही संरक्षण मिळेलच असे नाही. त्याचे टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला, एवढ्यावर विसंबू नये. ही जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्यावी.

बॅटरीच्या बाजूला धोका वेगळा. १२ व्होल्टचा झटका जाणवत नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. पण हातातली अंगठी किंवा कडे पाना आणि टर्मिनल यांच्यामध्ये अडकले, तर शेकडो अँपिअर वाहून धातू क्षणात लाल होतो आणि बोट खोलवर भाजते. काम सुरू करण्याआधी अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पान्याच्या दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळा.

बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की एक ठिणगी स्फोटाला पुरते. बंद इंजिनघरात बॅटरी असेल तर आधी झाकण उघडून हवा खेळू द्या. विडी-सिगारेट दूर ठेवा. इन्व्हर्टर आणि चार्जर बंद करूनच वायर सोडवा. सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. सौर पॅनेल असेल तर बॅटरीच्या आधी पॅनेल सोडवा. आम्ल डोळ्यात उडाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धूत राहा आणि मग थेट डॉक्टरांकडे जा. डोळ्यात सोडा किंवा दुसरे काहीही घालू नका.

कोणाला विजेचा झटका बसला तर त्याला धरून ओढू नका. आधी वीज तोडा. तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकने त्याला वेगळे करा. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यायला सुरुवात करा. व्हीएचएफच्या चॅनेल १६ वर मदत मागा. माणूस लगेच सावरला तरी किनाऱ्यावर आल्यावर ईसीजी काढून घ्यावा. बाहेरची जखम लहान दिसली तरी हृदयाच्या लयीवर झालेला परिणाम डोळ्यांना दिसत नाही.

कल्हईची वायर

आपल्या आजीच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कळंक चढू नये म्हणून कल्हई करत. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. नौकेसाठी मिळणाऱ्या खास वायरीतही तेच करतात. तांब्याच्या प्रत्येक बारीक तारेवर कथिलाचा थर असतो. साध्या वायरीत खारा ओलावा टोकाकडून आत शिरतो आणि आवरणाखाली हातभर लांबीपर्यंत तांबे काळे पडते. बाहेरून काहीच दिसत नाही. कल्हईची वायर महाग वाटते, पण एका इन्व्हर्टरच्या पैशात नौकेतली सगळी जाड वायर तिची होऊ शकते.

थिंबल हातोडीने ठोकून नव्हे, योग्य हत्याराने दाबून बसवावे. जोडावर आतून डिंक असलेली, उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. साधी चिकटपट्टी ओलावा बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडून धरते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला कोणाचेच संरक्षण नसते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि नौका ओढून ठेवलेली असते, तेव्हा जाळ्यांबरोबर वायरींचीही डागडुजी करावी.

आणि दोन गोष्टी इन्व्हर्टरच्या भरवशावर कधीच सोडू नयेत. पहिली, इंजिन सुरू करायची बॅटरी. ती वेगळीच हवी, नाहीतर रात्रभर दिवे लावून सकाळी इंजिनच सुरू होत नाही. दुसरी, डोलकाठीवरचे दिवे, व्हीएचएफ आणि जीपीएस. ते थेट बॅटरीवर, स्वतंत्र फ्यूजमधून चालवावेत. त्या रात्री डोलकाठीवरचा दिवा थेट बॅटरीवर असता, तर इन्व्हर्टर बंद पडूनही तांडेलाला विजेरी धरून पहाट करावी लागली नसती.

समुद्राशी ज्यांचा संबंध नाही त्यांनाही हे उपयोगी आहे. घरातला इन्व्हर्टर दिवे गेल्यावर दहाच मिनिटांत ओरडू लागला, तर नवा आणायला धावण्याआधी बॅटरीचे पाणी, टर्मिनलवरची पूड आणि सैल झालेला स्क्रू पाहून घ्यावा. दुखणे कुठे आहे ते आधी शोधावे, औषध मग ठरवावे.